घरातली शाळा आणि माझं बदललेलं मत

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायचं ठरवलं, तर त्यात सरकारनं नाक खुपसू नये, असं मी अनेक वर्षं ठामपणे म्हणत आले. आता म्हणत नाही. घरी शिकवण्याचा आईबापांचा अधिकार मला आजही मान्य आहे, धर्म शिकवण्याचाही. पण त्या मुलांकडे बाहेरच्या कुणी कधीच बघू नये, हा आग्रह आता मला मान्य नाही.

आधीचं मत मी जॉन होल्ट वाचून बनवलं होतं. भीतीपोटी मुलांचं शिकणंच कसं खुंटतं, हे त्यांनी १९६४च्या ‘हाऊ चिल्ड्रन फेल’मध्ये मांडलं आणि १९७७पासून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी नियतकालिक चालवलं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बालशिक्षणातल्या कामाविषयी ऐकत वाढलेल्या मला त्यात परकं काही वाटलं नाही. पुढे टेक्सासात, डॅलसजवळच्या उपनगरात राहायला आल्यावर शेजारी एक श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंब भेटलं. मुलं घरीच शिकणारी, भरपूर वाचणारी, मोठ्यांशी न बुजता बोलणारी. माझ्या आजारपणात त्यांची आई रोज जेवण आणून द्यायची. असल्या घरावर सरकारची नजर हवीच कशाला?

मत हललं ते त्यांच्या थोरलीला गणितात मदत करायला लागल्यावर. तिचा अभ्यास पातळ पुस्तिकांवर चाले. गाळलेल्या जागा भरायच्या, उत्तरपत्रिकेशी ताडून आपणच तपासायच्या, बायबलमधलं वचन पाठ करायचं की पुढची पुस्तिका. गणितात ती हुशार होती. एकदा तिनं ओढ्यात सापडलेला शंख आणून दाखवला, दगड झालेला, गोल गुंडाळीचा. उत्तर टेक्सासच्या चुनखडीत असे खूप मिळतात, कारण तिथे कधीकाळी समुद्र होता. तिच्या पुस्तिकेत पृथ्वीचं वय काही हजार वर्षं होतं आणि शंखाचं कारण नोहाच्या काळचा जलप्रलय. तिनं मला एवढंच विचारलं, की याबद्दल दुसरं कुणी वेगळं काही म्हणतं का? सोळा वर्षांच्या मुलीला हे विचारायला माझ्याखेरीज कुणी नव्हतं. जलप्रलयापेक्षा मला ते जास्त लागलं.

मग ही व्यवस्था आली कुठून, ते मी वाचत गेले. सुरुवातीला होल्टसारखे लोक आणि रेमंड व डोरोथी मूर हे ॲडव्हेंटिस्ट दांपत्य एकाच वाटेवर होते. पुढे चळवळीचा ताबा दुसऱ्याच विचाराकडे गेला. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९६२ आणि १९६३मध्ये सरकारी शाळांतली प्रार्थना आणि बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं. १९६३मध्येच रूसस रश्डूनी या कॅल्व्हिनपंथी विचारवंताचं सरकारी शिक्षणावरचं पुस्तक आलं. सरकारी शाळा हा एक खोटा धर्म आहे आणि शिक्षण देण्याचा अधिकार कुटुंबाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. समाजाचा कायदाही बायबलमधून यावा, हा पुढचा टप्पा त्यांनी १९७३मध्ये मांडला. टेक्सासातल्या पालकांनी घरातल्या शाळेसाठी खटला लढवला, तेव्हा तज्ज्ञ साक्षीदार म्हणून हेच रश्डूनी उभे राहिले. १९९४मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टानं पालकांच्या बाजूनं निकाल दिला. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित आणि नागरिकत्व शिकवलं की झालं. विज्ञान त्या यादीत नाही. नोंदणी नाही, परीक्षा नाही.

१९८३मध्ये मायकेल फॅरिस आणि मायकेल स्मिथ या वकिलांनी घरी शिकवणाऱ्यांची कायदेशीर संघटना काढली. १९९४मध्ये एका विधेयकातल्या शिक्षकांच्या पात्रतेविषयीच्या कलमावरून तिनं वॉशिंग्टनमधले फोन असे खणखणत ठेवले, की प्रतिनिधिगृहानं घरी शिकवणाऱ्यांना वगळणारी दुरुस्ती ४२४ विरुद्ध १ मतांनी मंजूर केली. २०००मध्ये फॅरिस यांनी व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री कॉलेज उघडलं, घरी शिकलेल्या मुलांना राजकारणात आणि सरकारात पोहोचवण्यासाठी. माझ्या शेजारणीनं रश्डूनी हे नावसुद्धा ऐकलेलं नाही. तिला फक्त आपली मुलं देवाच्या वाटेवर ठेवायची आहेत. पण ज्या मोकळिकीत ती शिकवते, ती मुलांना काय हवं हे बघून आखलेली नाही. मुलावर हक्क आईबापांचा आणि फक्त त्यांचाच, या राजकीय सिद्धांतातून ती आली आहे.

मराठी माणूस म्हणून मला तो सिद्धांत पेलत नाही. १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. ज्या घरांना मुलांना शिकवायचं नव्हतं किंवा शिकवता येत नव्हतं, त्या घरांतल्या मुलांसाठी ती सक्ती होती. त्याच आयोगापुढे पंडिता रमाबाई शिक्षिका आणि स्त्री-डॉक्टर हव्यात म्हणून साक्षीला आल्या, आणि त्या स्वतः आईवडिलांकडे, घरीच संस्कृत शिकलेल्या. घर मुलीला किती उंच नेऊ शकतं हे मला त्यांच्याकडूनच कळतं. म्हणून घरातली शाळा बंद करा, असं मी कधीच म्हणणार नाही.

शेजारणीला मी हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, आज नाव नोंदवा म्हणतील, उद्या बायबल मिटा म्हणतील. ही भीती पोकळ नाही. ओरेगनमध्ये १९२२मध्ये कॅथलिकांविरुद्धच्या द्वेषातून, कू क्लक्स क्लॅनच्या पाठिंब्यानं, सर्व मुलांना सरकारी शाळेची सक्ती करणारा कायदा झाला होता. १९२५मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मोडीत काढला आणि ते योग्यच झालं. पण पेनसिल्व्हेनियात दरवर्षी बाहेरचा परीक्षक मुलाशी बोलतो, त्याच्या वह्या चाळतो, आणि तिथल्या ख्रिस्ती घरांतलं बायबल काही मिटलेलं नाही. टेक्सासात एवढंच व्हावं, असं मी म्हणते. स्वतः घरीच शिकून मोठ्या झालेल्या काही जणांनी २०१३मध्ये संस्था काढली, तीही अशाच जबाबदारीची मागणी करते, हेही मी तिला सांगितलं. तिला पटलेलं नाही. विधिमंडळाचं पुढचं अधिवेशन भरलं की ती तिचं म्हणणं मांडायला ऑस्टिनला जाणार आहे, आणि मी माझं.