गुगलला न दिसलेली पाने

६ जानेवारी २०२५, लष्कर, ग्वाल्हेर
मंडळाच्या संकेतस्थळाचं काम अखेर माझ्या गळ्यात पडलं. काकांची तक्रार एका ओळीची. "गुगलवर राजाभैया पूछवाले टाकले की दुनियेची पानं येतात, आपलं का नाही येत?" राजाभैयांसारख्या ग्वाल्हेर घराण्याच्या गायकांवरचे, मंडळाच्या स्मरणिकांतले लेख वर्षानुवर्षं तिथे पडून आहेत. शोधून पाहिलं, तर मुखपृष्ठाखेरीज गुगलला काहीच ठाऊक नाही. गुगलच्या सर्च कन्सोलवर साइट आपलीच आहे हे सिद्ध करावं लागतं. त्यासाठी होस्टिंगचा पासवर्ड हवा, आणि तो कोणाकडे आहे हे शोधण्यात दुपार गेली.

८ जानेवारी
रोबोट्स डॉट टीएक्सटीत काही अडवलेलं नाही, पानांवर नोइंडेक्सही नाही. ही दोन कुलपं लोक एकच समजतात. पहिलं गुगलच्या बॉटला दाराबाहेर थांबवतं. दुसरं, 'हे पान निकालांत दाखवू नका' असं सांगणारं, आत आल्यावरच वाचता येतं. दोन्ही लावली तर नोइंडेक्स त्याला दिसतच नाही, आणि बाहेरच्या कुणी दुवा दिलेला असला तर नुसता पत्ता निकालांत झळकू शकतो.
आमचं दुखणं मेनूत निघालं. 'आमचे गायक'वर टिचकी मारली की यादी उघडते, पण सगळा जावास्क्रिप्टचा खेळ. साधा दुवा एकही नाही. गुगलबॉट दुव्यांवरून पुढे जातो, बटणं दाबत बसत नाही. साधी यादी करून टाकली.

११ जानेवारी
खरी गंमत आज कळली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांवरचा लेख पडद्यावर सुरेख मराठीत दिसतो. बुवा इथे वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात नेली, सगळं आहे. पण मजकूर कृतिदेवमधला! या फाँटात 'भारत' लिहिलं की आत साठते रोमन एच, के, के, जे, आर. डोळ्याला अक्षरं दिसतात ती फाँटाच्या कृपेने. गुगलने बुवांचं पान उघडलं असतं तरी त्याच्या पदरी रोमन अक्षरांचा कचराच पडला असता.
युनिकोडमध्ये बदलणारं साधन आहे, पण 'दुसऱ्या'मधला ऱ्या हातानेच नीट करावा लागतोय. कृष्णराव शंकर पंडित (१८९३–१९८९) यांचा लेख लांब आहे. तो आत्याने वाचून तपासायला घेतलाय. त्यांनी १९१४ मध्ये काढलेल्या शंकर गांधर्व महाविद्यालयाच्या परिच्छेदापाशी थांबून तिने शेजारणीला फोनही लावला.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ वाटून झाल्यावर गुगलला साइटमॅप, म्हणजे पानांच्या पत्त्यांची यादी, दिला. एका फाइलीत ५०,००० पत्ते चालतात. आमचा पसारा बघता हे हसू येण्यासारखं. भाचा म्हणतो, "मामा, रिक्वेस्ट इंडेक्सिंग सगळ्यांवर दाबून टाका ना, रोज." रोजची मर्यादा असते, आणि तेच पान पुन्हा पुन्हा पाठवून रांग पुढे सरकत नाही. साइटमॅप म्हणजे तरी विनंतीच, हुकूम नव्हे.

२३ जानेवारी
किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिराचं पान म्हणजे नुसता शिलालेखाचा फोटो होता. फोटोतल्या दगडावर काय कोरलंय आणि लोक ते बघायला का येतात, हे पानावर शब्दांत कुठेच नव्हतं. इ. स. ८७६ चा लेख, देवासाठी दिलेली २७० हात लांबीची बाग, रोजच्या ५० माळा, आणि त्या दोन आकड्यांतली ती गोल शून्यं: एवढं तरी लिहायला हवं होतं. आज लिहिलं.

१० फेब्रुवारी
कन्सोलमध्ये हिरवा रंग वाढलाय. बाळकृष्णबुवा आले, कृष्णराव आले, शिलालेखही आला. काही पानांपुढे 'सापडलं, सध्या इंडेक्स नाही'. म्हणजे पत्ता कळलाय, बॉट अजून आलेला नाही. काहींपुढे 'क्रॉल केलं, सध्या इंडेक्स नाही'. हे जास्त बोचतं, कारण तो येऊन, वाचून गेला आणि तरी ठेवलं नाही. त्या यादीत मंडळाचे वार्षिक अहवाल आहेत. मुखपृष्ठ तेच, अध्यक्षांचं मनोगत जवळजवळ तेच, फक्त वर्ष बदललेलं. गुगलचं या बाबतीत चुकलं असं मला वाटत नाही.
काकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग मनोगत तू लिही यंदा."