आईचे माप

गोदावरीच्या काठी पुणतांबा नावाचे आमचे गाव आहे. चांगदेवांच्या समाधीमुळे ते भाविकांना ठाऊक असते आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरच्या स्थानकामुळे प्रवाशांना. मला मात्र गाव आठवले, की सर्वांत आधी आमचे स्वयंपाकघर आठवते. सारवलेली जमीन, भिंतीशी उभी केलेली काटवट आणि चुलीतल्या आरावर टम्म फुगणारी भाकरी!

आईच्या स्वयंपाकघरात तराजू नव्हता. मूठभर डाळ, चिमूटभर हिंग, बोटाच्या पेराएवढे पाणी, अशी तिची मापे असत. “आई, मीठ किती घालायचं?” असे विचारले, तर ती म्हणे, “अंदाजानं.” हा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला.

आमचे रोजचे जेवण साधे असे. उन्हाळ्यात ज्वारीची भाकरी, थंडीत बाजरीची. तिच्याबरोबर पिठले, शेंगदाण्याची चटणी किंवा मिरचीचा ठेचा. कधी अंबाडीची आंबट भाजी, तर कधी लसणाच्या फोडणीत शिजलेले हुलग्याचे शेंगोळे. पुढे शिकताना मला कळले, की प्रथिनांचा जो अंश ज्वारी-बाजरीत कमी असतो, तो डाळी आणि कडधान्ये भरून काढतात. आईने हे शास्त्र कोठे वाचले नव्हते. परंतु भाकरीशेजारी पिठले वाढायला ती विसरत नसे.

सणांचे पदार्थ ठरलेले असत. नागपंचमीला काही चिरायचे नाही आणि चुलीवर तवा ठेवायचा नाही, म्हणून त्या दिवशी वाफेवर शिजवलेले पुरणाचे दिंड होत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगी, गाजर, घेवडा, ओला हरभरा यांची मिसळीची भाजी. म्हणजे त्या ऋतूतले सारे शेतच ताटात उतरे. पोळ्याला आणि होळीला पुरणपोळी. एक वाटी हरभऱ्याची डाळ मऊ शिजवायची, तिचे पाणी निथळून काढायचे, मग वाटीभर गूळ घालून ती आटवायची आणि पाट्यावर वाटायची. निथळलेले पाणीही वाया जात नसे. त्याची झणझणीत कटाची आमटी होई.

परंतु एका होळीला आमच्या घरी पुरण शिजले नाही. ती होळी मी विसरू शकत नाही.

१९७२ साली पावसाने महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागाकडे पाठ फिरवली. आमची जमीन जिरायत. पेरलेले उगवले नाही आणि उगवले ते वाळून गेले. घरातली ज्वारीची कणगी रिकामी झाली. शिधावाटपाच्या दुकानात अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याची भाकरी करताना चिरे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. सरकारने दुष्काळी कामे काढली होती. आई आणि वडील दोघेही खडी फोडायला जाऊ लागले. कामावरच्या मजुरांना दुपारी सुकडी नावाचा पौष्टिक खाऊ वाटत असत.

मार्च १९७३ मध्ये होळी आली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. ताटात पुरणपोळी पडेल, या आशेने मी सकाळपासून चुलीभोवती घोटाळत होतो. घरात ना गहू होता, ना हरभऱ्याची डाळ. आईने एका फडक्यातून सुकडी काढली, तीत गुळाचे पाणी घालून सारण केले, मिलोच्या पिठाच्या गोळ्यात ते भरले आणि हातानेच थापून तव्यावर टाकले. जाड, तांबडी, कडांना फाटलेली ती पोळी मी पाहिली मात्र, माझा संताप अनावर झाला.

“ही कसली पुरणपोळी? मला नको!” असे म्हणून मी ताट सरकवले आणि उठलो.

आई रागावली नाही. एवढेच म्हणाली, “सणाच्या दिवशी घरात गोड शिजावं, म्हणून केलं रे बाळा.”

दोन दिवसांनी काही निरोप देण्यासाठी मी कामावर गेलो. दुपारची सुट्टी झाली होती. माणसे झाडाखाली बसून सुकडी खात होती. आईने मात्र आपला वाटा पदराच्या टोकाला बांधला आणि ती घोटभर पाणी प्याली. शेजारची मावशी मला म्हणाली, “आठ दिवस झाले, तुझी आई सुकडी खात नाही. घरी नेते.”

होळीचे सारण कोठून आले होते, ते मला त्या क्षणी कळले. तेवढ्यात आईने शिदोरी सोडली. तिच्यात मी नाकारलेली ती पोळी होती! मला पाहताच तिने ती मोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली. पोळी वाळून कडक झाली होती. मी ती खाली मान घालून खाल्ली. क्षमा मागायचे शब्द मला सुचले नाहीत आणि आईनेही ते मागितले नाहीत.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो. अनेक घरी, अनेक पंक्तींत जेवलो. पानात काही टाकताना मात्र माझा हात नेहमी अडखळला. १ जून २०१७ रोजी माझ्याच गावातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांकडे जाणारे दूध आणि भाजीपाला अडला, तेव्हा दूरच्या लोकांनाही आपल्या ताटामागे कोणाचे हात आहेत, याची आठवण झाली. मला ती आठवण त्या खडीच्या ढिगाजवळच झाली होती.

मुलांनो, आज पाककृतींची पुस्तके पुष्कळ आहेत आणि त्यांत वाटी-चमच्यांची नेमकी मापे दिलेली असतात. ती जरूर वाचा. परंतु एखाद्या सुट्टीत आपल्या आईजवळ, आजीजवळ किंवा घरात जे कोणी स्वयंपाक करीत असेल त्यांच्याजवळ बसा. एखादा पदार्थ त्यांच्याकडून शिका आणि वहीत लिहून ठेवा. साहित्य लिहाल, कृती लिहाल. त्याखाली आणखी एक ओळ लिहा, हा पदार्थ करणारा माणूस स्वतः केव्हा जेवला. माझ्या वहीत ती ओळ लिहायची राहून गेली होती. म्हणून आज हा पाठ लिहिला.