बाजार आधी, नकाशा मागाहून

व्हॉल्व्हचा रेडिओ घरी करू पाहणारा मनुष्य प्रथम नकाशा मिळवतो आणि मग त्यातल्या एकेका जिनसासाठी दारोदार हिंडतो. माझ्या मते हा क्रमच चुकीचा आहे, कारण नांदेडच्या वजिराबादेत आणि लातूरच्या गंजगोलाईला येऊन मिळणाऱ्या सोळा रस्त्यांवर जे सहज गवसते, त्यातूनच नकाशा उभा राहिला पाहिजे. भंगारातल्या रेकॉर्ड प्लेअरमधून ईसीएल 82 आणि जुन्या टीव्हीतून ईएफ 80 हाती आले, तेव्हा आर्मस्ट्राँगने 1914 साली पेटंट मिळवलेल्या पुनर्भरणाच्या योजनेखेरीज दुसरे काही मनात आले नाही. तीत व्हॉल्व्ह आपल्याच ऊर्जेचा अल्पांश पुन्हा आपल्या जाळीवर घेऊन क्षीण लहरीला बळ देतो.

उच्च दाबाचा ट्रान्सफॉर्मर दुकानांतून नाहीसा झाला आहे. परंतु 230 व्होल्टांचे 6 करणारा साधा ट्रान्सफॉर्मर कुठेही मिळतो, आणि तसले दोन एकमेकांस उलटे जोडले, की पहिल्यावर फिलॅमेंट तापते व दुसऱ्यातून उच्च दाब परत हाती येतो. तिसरा मी कर्ण्यासाठी योजला. 230 ला 6 ने भागून आलेल्या आकड्याचा वर्ग करावा, त्याने 4 ओहमांच्या कर्ण्यास गुणावे, म्हणजे सुमारे 5900 ओहम होतात. ईसीएल 82 ला अदमासे तेवढाच भार मानवतो. मात्र एकाच दिशेने वाहणारा प्रवाह त्या लोखंडास संपृक्त करतो व आवाज घोगरा निघतो. म्हणून एक अख्खी दुपार मी त्याचे पत्रे सोडवीत बसलो. ई आकाराचे सारे एका अंगास, आडव्या पट्ट्या दुसऱ्या अंगास, आणि मध्ये वहीचा एक कागद. त्या कागदासरशी आवाज निवळला.

मग लहर पकडणारी गुंडाळी: दीड इंची नळीवर 28 गेजच्या तारेचे 80 वेढे, आणि त्यांच्या शेजारी पुनर्भरणाचे 15. पहिल्या रात्री संच मुका राहिला. शेवटी त्या 15 वेढ्यांची टोके अदलाबदल केली, तोच कर्ण्यातून शीळ उठली, आणि पुनर्भरणाची मूठ किंचित मागे घेताच 738 किलोहर्ट्झवर हैदराबाद लागले; 1956 पर्यंत नांदेडच्या कचेऱ्यांना जेथून हुकूम येत, त्या शहरातला तेलुगू स्वर माझ्या खोलीत स्पष्ट उमटला. मी फार वेळ उठलोच नाही.

एक विनंती. संच बंद केल्यावरही गाळणीच्या कंडेन्सरमध्ये दोनशेहून अधिक व्होल्ट उरतात. मला त्याचा जबर झटका बसला आहे. 47 मायक्रोफॅरडच्या त्या कंडेन्सरवर 1 लाख ओहमांचा, 2 वॉटचा रोध कायमचा जोडा, आणि पेटीत हात घालण्यापूर्वी अर्धा मिनिट थांबून दाब मीटरने तपासा.