अ‍ॅग्नेसबाईंचे सोवळे

नागपुरास जावे आणि संत्री घेऊन यावे, हा आमच्या घरचा रिवाज. परवाच्या खेपेस मात्र संत्र्यांच्या करंडीबरोबर मी एक नावही घेऊन आलो.

सीताबर्डीवरची खरेदी आटोपून मावशी आणि मी रिक्षाने महाराजबागेकडे निघालो होतो. म्यूर मेमोरियल रुग्णालय दिसताच मावशी म्हणाली, "हे बघ माझं जन्मस्थान!"

मग आजीची गोष्ट निघाली. आजी कडक सोवळ्याची. बाळंतपणात अडली, म्हणून नाइलाजाने तिला इथे आणले. मायलेकी सुखरूप घरी परतल्या. पण परक्यांचा हात लागला, त्यांच्या हातचे पाणी प्यायले, म्हणून आजीने सोयर फिटताच पंचगव्य घेतले! मावशी हे हसत सांगत होती. शेवटी मात्र तिचा स्वर उतरला. "ज्या हातांनी आम्हां दोघींना वाचवलं, त्यांचाच तिनं विटाळ मानला रे!"

थोड्या वेळाने तिने विचारले, "हा दवाखाना उभा करणारी डॉक्टरीण अ‍ॅग्नेस हेंडरसन. अ‍ॅग्नेस म्हणजे आपला अग्नीच ना?"

मलाही तसेच वाटले होते. घरी येऊन पुस्तके चाळली आणि गंमत कळली. आपल्या अग्नीचा भाऊबंद लॅटिनमधला 'इग्निस'. अ‍ॅग्नेसचे कूळ निराळे. ग्रीक भाषेतला 'हाग्नोस' म्हणजे पवित्र, शुद्ध. त्याचे स्त्रीलिंगी रूप 'हाग्ने'. तेच नाव रोमला पोहोचले. तिथे चौथ्या शतकाच्या आरंभी धर्मासाठी प्राण देणारी कुमारिका संत अ‍ॅग्नेस होऊन गेली, असे परंपरा सांगते. लॅटिनमध्ये 'आग्नुस' म्हणजे कोकरू. केवळ ह्या नादसाम्यामुळे चित्रकारांनी तिच्याजवळ कोकरू बसवले. पोर्तुगिजांनी ह्याच नावाचे 'इनेज' केले. पणजीतले सांतिनेज ते हेच! मदर तेरेसांचे १९१० सालचे पाळण्यातले नावही अ‍ॅग्नेसच.

आणि खरी मौज पुढेच आहे. संस्कृतातल्या आरंभीच्या 'य'चा ग्रीकमध्ये 'ह' होतो. आपले यकृत, त्यांचे 'हेपार'. 'हेपटायटिस' हा शब्द त्यावरूनच आला. त्याच न्यायाने 'हाग्नोस' हा शब्द आपल्या 'यज्ञ'चा सख्खा भाऊ, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे कान अग्नीकडे नेतो, पण नाते निघते यज्ञाशी!

डॉक्टर हेंडरसन स्कॉटलंडच्या मिशनतर्फे नागपुरास आल्या त्या १८९० च्या सुमारास. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, त्याला तेव्हा थोडीच वर्षे लोटली होती. पुरुष डॉक्टरास नाडी दाखवायलाही घरंदाज बायका कचरत. अशा बायकांसाठी त्याच दशकात हा दवाखाना उभा राहिला. बाळंतिणीच्या खोलीला घरचे लोकही शिवत नसत, त्या काळात एक परदेशी बाई तिथे हात धुऊन, बाह्या सावरून उभी राहत होती. तिचे नाव होते 'शुद्ध'!

मावशीला हे सारे फोनवर सांगितले. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू येईना. मग ती हळूच म्हणाली,

"म्हणजे आजी सोवळ्यातच बाळंत झाली म्हणायची. बिचारीला ठाऊक नव्हतं, एवढंच."