शांततेचे शिक्षण : भाचीस पत्र

नरडाणा, तालुका शिंदखेडा

चि. माई,

तरुण कार्यकर्त्यांचे शांतता-शिबिर आपल्या गावी भरविण्याचा तुझा मानस कळून फार समाधान झाले, आणि त्यात काय शिकवावे असे तू विचारलेस म्हणून हे विस्ताराने लिहितो.

मुंबई-आग्रा रस्ता, सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि औद्योगिक वसाहत यांमुळे परमुलखातील माणसांची सतत ये-जा असलेल्या आपल्या गावात बांधाचे, पाण्याचे, वाटणीचे तंटे पूर्वापार आहेतच; त्यांत आता मोबाइलवरून क्षणार्धात पसरणाऱ्या अफवेची भर पडली आहे. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या निराधार संशयावरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. अशा प्रसंगी पुढे होऊन, आधी यांची हकीकत तर ऐकू, असे म्हणण्याचे धैर्य आयत्या वेळी उत्पन्न होत नाही. ते अभ्यासाने अंगी बाणवावे लागते.

हा अभ्यास फलदायी होतो, याला भिवंडीची साक्ष आहे. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या त्या शहरात सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने पुढे मोहल्ला समित्या उभारून हिंदू व मुस्लिम अशा दोन्ही समाजांच्या सामान्य माणसांना नित्य एकत्र बसविले, आणि १९९२-९३ साली मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली.

पहिला पाठ श्रवणाचा असावा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, तेव्हा अमळनेरला शिक्षक राहिलेले साने गुरुजी, स्वतः समर्थ लेखक व वक्ते असूनही, दुसऱ्याचे बोलणे निष्ठेने टिपून घेत बसले. तुझ्या तरुणांनीही उभय पक्षांची जबानी स्वतंत्रपणे बसून ऐकावी, लिहून घ्यावी व वाचून दाखवावी. आणि ‘होय, मला हेच म्हणायचे होते’ असे जबानी देणाऱ्याने कबूल करीपर्यंत स्वतःचे मत उच्चारू नये. मगच दोघांना समोरासमोर आणावे, आणि तडजोडीचा मार्ग त्यांच्याच तोंडून निघू द्यावा.

मात्र एक मर्यादा त्यांच्या मनावर ठसव. १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने सामोपचाराला शासनाचा आधार दिला, हे खरे. परंतु स्त्रीवरील अत्याचार किंवा जातीवरून झालेला जुलूम हा आपसांत मिटविण्याचा विषय नव्हे. तेथे पीडिताबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन फिर्याद नोंदविणे हेच शांततेचे कार्य होय, कारण दुर्बलाला गप्प बसवून आलेली शांतता केवळ जरबेने टिकते.

शिबिर आटोपल्यावर प्रशस्तिपत्रे वाटून थांबू नकोस. प्रत्येकास दुसऱ्या समाजातील जोडीदार दे, त्या दोघांवर गावातील एक लहानसा खरा तंटा सोपव, आणि गणेशोत्सव व ईद येण्यापूर्वी त्यांचे एकमेकांच्या घरी जाणे-येणे सुरू होईल असे पाहा.

तुझा,
मामा