एक पट्टा, दोन फोन

गेल्या दिवाळीनंतर मुलाने बंगळुरूहून एक लहानशी पेटी पाठवली. आत हृदयाचे ठोके मोजणारा, छातीवर बांधायचा काळा पट्टा होता, त्याला अडकवायचे एक चपटे यंत्र होते आणि भिंगाखेरीज वाचता येऊ नये अशा अक्षरांतले माहितीपत्रक होते. "आई, हा पट्टा बाबांच्या छातीवर बांधायचा आणि फोनमधल्या ॲपशी जोडायचा. मग ते निर्धास्त फिरतील," असे त्याने सांगितले. पुढच्या दोन महिन्यांत या पट्ट्याने आम्हा उभयतांची जी धांदल उडवली, तीत पट्ट्याचा दोष थोडा आणि आमचा अधिक होता. अशी उपकरणे आता पुष्कळ ज्येष्ठांच्या घरी येऊ लागली आहेत, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

माझ्या यजमानांचे वय ७१. श्रावणात त्यांची अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले. आम्ही गंगापूर रोडवर, जेहान सर्कलजवळच्या एका गल्लीत राहतो. पूर्वी हे पहाटे निघत ते थेट सोमेश्वरापर्यंत जात, पावसाळ्यात धबधबा पाहून येत. आजारपणानंतर आनंदवल्लीच्या नवश्या गणपतीच्या दिशेने जमेल तितके जायचे आणि परत फिरायचे, एवढेच उरले. माझे गुडघे कुरकुरतात, त्यामुळे मी सोबत जात नसे. ते परत येईपर्यंत मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असे. दूध उतू जाण्याचे प्रमाण त्या दिवसांत वाढले होते.

पट्टा पहिल्यांदा जोडला तो मुलाने व्हिडिओ कॉलवरून सांगितल्याप्रमाणे. ॲपच्या पडद्यावर ७२ हा आकडा उमटला, तेव्हा यजमानांच्या चेहऱ्यावर नवे घड्याळ मिळालेल्या मुलाचा आनंद होता. पंधरा दिवस सारे सुरळीत चालले. मग मार्गशीर्षातल्या एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी ते परतले, ते भिंतीला धरूनच. फोनवर १८४ ठोके दिसले होते. आकडा पाहताच ते एका दुकानाच्या पायरीवर बसले आणि बसल्याबसल्या त्यांना घाम फुटला. आम्ही रिक्षाने रुग्णालय गाठले. ईसीजी झाला, तपासण्या झाल्या, काही तास थांबवून घेतले. सारे ठीक होते. परतताना लक्षात आले, की एवढ्या गडबडीत मनगटावर तीन बोटे ठेवून नाडी मोजावी, हे आम्हा दोघांपैकी एकालाही सुचले नव्हते.

या १८४ चे कोडे आमच्या हृदयरोगतज्ज्ञांनी पुढच्या भेटीत उलगडले. प्रत्येक ठोक्याच्या वेळी हृदयात एक सूक्ष्म विद्युतस्पंद उठतो आणि तो त्वचेपर्यंत पोहोचतो. पट्ट्याच्या आतल्या बाजूचे दोन गुळगुळीत भाग तो टिपतात. त्वचा आणि पट्टा कोरडा असेल तर हा स्पंद नीट पोहोचत नाही. नाशिकच्या थंडीत सकाळी घाम येत नाही, त्वचा कोरडी पडते, आणि त्यातच अंगावर कृत्रिम धाग्याचा सैल सदरा घासत असेल तर त्यातून निर्माण होणारी स्थिर विद्युतही पट्टा ठोका म्हणून मोजतो. यजमानांनी त्या दिवशी सुनेने दिलेला नवा चकचकीत टी-शर्ट घातला होता, आणि पट्टा ओला करण्याची सूचना माहितीपत्रकातल्या त्या बारीक अक्षरांत राहून गेली होती.

डॉक्टरांना इतिहासाची आवड आहे. ते म्हणाले, विसाव्या शतकाच्या आरंभी नेदरलँड्समध्ये विलेम आइंटहोवेन यांनी हृदयाचा विद्युत आलेख काढणारे यंत्र सिद्ध केले, तेव्हा रुग्णाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून ठेवावे लागत. ते यंत्र सुमारे २७० किलो वजनाचे होते आणि चालवायला पाच माणसे लागत. त्या कामासाठी आइंटहोवेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलर कंपनीने छातीवरच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळापर्यंत ठोके बिनतारी पोहोचवणारे उपकरण आणले. ते खेळाडूंच्या सरावासाठी होते. "यंत्र लहान झाले, पण पाण्याची गरज संपली नाही," असे सांगून त्यांनी पट्टा दोन्ही बाजूंनी ओला करून, छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, घट्ट पण श्वासाला अडथळा न होईल असा बांधायला शिकवले.

यजमानांचे समाधान झाले. माझे झाले नाही. पायरीवर एकटे बसलेले ते, हे मी न पाहिलेले दृश्य मला रात्री दिसू लागले. आकडा खरा असो वा खोटा, तो उमटतो तेव्हा मला कळला पाहिजे, असे मनाने घेतले. आणि मी एक गोष्ट त्यांना न विचारता केली.

दुपारी त्यांचा डोळा लागला असताना शेजारच्या महाविद्यालयीन मुलाकडून तेच ॲप मी माझ्या फोनमध्ये घालून घेतले. पट्टा जोडायचा तर तो कोणाच्या तरी अंगावर असावा लागतो, त्याशिवाय तो जागा होत नाही. तो घरी गेल्यावर मी न्हाणीघराचे दार लावले, पट्टा ओला केला, स्वतःच्या छातीवर बांधला आणि त्याने दाखवल्याप्रमाणे बटणे दाबली. पडद्यावर ९६ आले. मी काही चालत नव्हते, उभी होते. चोरी करताना माणसाचे हृदय किती धावते, ते मी त्या दिवशी मोजून पाहिले.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी फोन ओट्यावर ठेवून ॲप उघडू लागले. यजमान दिवाणखान्यात पट्टा बांधत, बुटाच्या नाड्या आवळत, तोवर माझ्या पडद्यावर त्यांचे ठोके दिसत. ते फाटकाबाहेर गेले, की आकडा विरून जाई. हे असे का होते, ते मला कळेना. मला वाटले होते, ते आनंदवल्लीला पोहोचले तरी मला इथे दिसत राहतील.

तिकडे त्यांचा छळ चालला होता. त्यांचा फोन म्हणे, 'सेन्सर सापडत नाही.' पहिल्या दिवशी त्यांनी पट्टा पुन्हा ओला केला. दुसऱ्या दिवशी यंत्रातली बटणासारखी चपटी बॅटरी बदलून आणली. तिसऱ्या दिवशी ते फिरायलाच गेले नाहीत. खुर्चीत बसून राहिले आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "अगं, यंत्र तर चांगलं आहे. बॅटरी नवी आहे. मग माझेच ठोके इतके क्षीण झालेत का, की त्याला ऐकूच येत नाहीत?"

मी त्यांच्यासमोर बसले आणि सारे सांगून टाकले. वाटले होते, ते रागावतील. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला मला विचारता आलं असतं."

"अहो, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हणालो असतो," ते म्हणाले. "दवाखान्यात अंगावर किती तारा होत्या, आठवतं? या पट्ट्याचे आकडे पहिल्यांदा फक्त मला दिसत होते."

त्या संध्याकाळी मुलाने फोनवर दोघांनाही नीट समजावले. पट्ट्यापासून ॲपपर्यंतचा प्रवास दोन टप्प्यांचा असतो. पहिला टप्पा पट्टा ते फोन, ब्लूटूथने; त्याचा पल्ला घरात साधारण दहा मीटर. दुसरा टप्पा फोन ते आपले खाते, इंटरनेटने. त्याला अंतराची मर्यादा नाही. कित्येक पट्टे एका वेळी एकाच फोनशी बोलतात, आणि आमचा त्यांपैकीच. ओट्यावरचा माझा फोन त्याला आधी धरून ठेवी, म्हणून यजमानांच्या फोनला तो सापडत नसे. इतक्या खटाटोपातून मला मिळाली होती ती बूट बांधण्याची दोन मिनिटे. घरच्यांना नोंदी पाहायच्याच असतील, तर चालणाऱ्या माणसाच्याच फोनला पट्टा जोडावा, नोंद त्याच्या खात्यात जाऊ द्यावी आणि त्याच्या संमतीने ती इतरांना दाखवावी, हा सरळ मार्ग आहे.

मुलाने सांगितलेल्या आणखी काही गोष्टी इथे नोंदवते. पट्टा जोडताना फोनच्या ब्लूटूथच्या यादीत शोधत बसू नये; ॲप उघडून त्यातूनच जोडावा. ॲपला ब्लूटूथची आणि जवळपासची उपकरणे शोधण्याची परवानगी दिलेली आहे ना, हे पाहावे. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये त्यासाठी 'लोकेशन'ही सुरू असावे लागते. नोंद मध्येच तुटत असेल, तर बॅटरी वाचवण्याच्या सोयीने फोनच ॲप बंद करत असण्याचा संभव असतो. त्या ॲपपुरती ती सोय काढून टाकावी. फिरून आल्यावर यंत्र पट्ट्यापासून सुटे करावे, नाहीतर ओलाव्याने ते जागेच राहते आणि बॅटरी संपते. पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावा. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी पट्टा बांधण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

पुढच्या भेटीला आम्ही दोघेही गेलो. यजमानांनी दुसरीच तक्रार मांडली. ॲप त्यांना रोज 'अतिशय सौम्य व्यायाम' असा शेरा देई, म्हणून अलीकडे ते वेग वाढवू लागले होते. डॉक्टर गंभीर झाले. ॲप २२० मधून वय वजा करते आणि त्यावरून व्यायामाचे टप्पे आखते. यजमानांच्या बाबतीत २२० वजा ७१, म्हणजे १४९. हा मुळातच सरासरीचा अंदाज. त्यात यजमान मेटोप्रोलॉल घेतात. ती बीटा ब्लॉकर गटातली गोळी आहे आणि हृदयाची गती कमी ठेवणे हेच तिचे काम. अशा माणसाचे हृदय पुरेसे श्रम करत असूनही आकडा वर जात नाही, आणि गोळीची माहिती नसलेले ॲप त्याला आणखी पळवू पाहते. अर्थात आकड्यासाठी गोळी आपल्या मनाने कमी करायची नाही. डॉक्टरांनी यजमानांच्या तपासणीवरून त्यांच्यासाठी वेगळी मर्यादा लिहून दिली, आणि ॲपमधले टप्पे मुलाने त्याप्रमाणे बदलले.

"आणि छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला, चक्कर आली, तर फोनमधला आकडा पाहू नका," डॉक्टर म्हणाले. "आकडा कितीही चांगला असला तरी थांबा, बसा आणि १०८ ला फोन करा. आकडा वाईट आणि तुम्ही बरे असाल, तर आधी बोटांनी नाडी मोजा. तीस सेकंद मोजून दुप्पट करा. ठोके अनियमित लागले, तर पूर्ण मिनिट मोजा. आणि मोजूनही आकडा तसाच वाईट आला, तर मला फोन करा."

मग त्यांनी सोप्यातली सोपी कसोटी सांगितली. चालताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. गाणे म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवायला हरकत नाही. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करावा.

"पण त्यासाठी बोलायला कोणीतरी हवं," यजमान म्हणाले.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "तुमचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला?" मला आठवेना. त्यांनी तिथेच मोजला. असायला हवा त्यापेक्षा वर होता. आता माझीही एक वही झाली आहे आणि ती त्यांच्या वहीशेजारी ठेवलेली असते.

माझ्या फोनमधले ते ॲप मी काढून टाकले. आठवड्यातून एकदा यजमान स्वतःच चहाच्या वेळी आपल्या फोनमधल्या नोंदी मला दाखवतात. सकाळी आम्ही दोघे मिळून निघतो. माझ्या गुडघ्यांमुळे वेग आपोआप आवरला जातो. नवश्या गणपतीपर्यंत आम्ही अजून पोहोचत नाही. अर्ध्या वाटेवर एका झाडाच्या पाराशी टेकतो आणि परत फिरतो. वाटेत ते बोलत असतात, आणि वाक्य मध्ये तुटते का, इकडे माझे लक्ष असते. परवा त्यांनी ते ओळखले. "ऐकतेस की मोजतेस?" असे त्यांनी विचारले.

"दोन्ही," मी म्हणाले.