मांडवीपलीकडची सोबत

पणजीहून मांडवी ओलांडली की रस्ता पर्वरीच्या पठारावर चढतो आणि पुढे म्हापशाकडे उतरतो. गोव्यास येणारे बहुतेक पाहुणे येथून समुद्राच्या ओढीने निघून जातात. आम्ही मात्र आडवाटेच्या वाड्यांतून हिंडलो. चिऱ्यांच्या भिंती, अंगणातले तुळशीवृंदावन, मधूनच एखाद्या ख्रिस्ती घराचा बल्कांव; आणि ठिकठिकाणी उंबऱ्याशी बसलेले एखादे वृद्ध माणूस. कर्ती मुले मुंबईस, आखातात किंवा त्याहून दूर. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोक देशात शेकडा ८.६ होते, गोव्यात ११.२. हा फरक येथे डोळ्यांनी वाचता येतो.

'साठी बुद्धी नाठी' म्हणून विसरणे हसण्यावारी नेण्याची आपली रीत आहे. जेवून उठलेले आजोबा पुन्हा पान मागतात, आजी स्वतःच्याच घरात 'मला घरी पोचवा' म्हणते. घरचे त्यास म्हातारचळ म्हणतात. हा वयाचा दोष नव्हे, मेंदूचा आजार आहे, हे उमगेपर्यंत सेवा करणारी सून वा लेक अर्धी झालेली असते.

या ओझ्याचा विचार याच भूमीत झाला, हे वाचकांस ठाऊक असावे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' संस्थेच्या डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आदींनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांत एक प्रयोग केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. ४१ कुटुंबांस सहा महिने घरपोच मदत मिळाली, उरलेल्या ४० कुटुंबांस प्रारंभी केवळ आजाराची माहिती. घरी जाणाऱ्या कार्यकर्त्या मोठ्या पदवीच्या नव्हत्या. स्थानिक भाषा आणि आस्था ही त्यांची शिदोरी. आठवडाभर शिक्षण घेऊन त्या पंधरवड्यास एकदा तरी जात. आंघोळ कशी घालावी, चिडलेल्यास कसे शांत करावे, वृद्धांसाठीच्या सरकारी योजनेचा लाभ कसा घ्यावा, हे त्या सांगत. औषधाचे मानसोपचारतज्ज्ञ पाहत. समुपदेशक कार्यकर्त्यांच्या पाठीशी असे.

रुग्णांचा आजार हटला नाही. तसा दावाही कोणी केला नाही. परंतु सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण निश्चित उतरला. एकट्या वैद्याने हे साधले नसते, एकट्या कार्यकर्तीनेही नाही. जर्जर देहास औषध, आधार आणि घरच्यांस धीर, तिन्ही एकाच वेळी लागतात, आणि ते देणाऱ्यांनी आपसांत बोलावे लागते.

इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद येथील आपल्या घरांतही हे उंबरे आहेत. आपल्या मंडळांत वैद्य आहेत, परिचारिका आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांची ओळख एकमेकांशी गणेशोत्सवात होतेच. एखाद्या आजींच्या खाटेपाशीही व्हावी.